नापास मुलांना त्यांची उत्तरपत्रिका दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की गुणवंतांच्या छायाचित्रांशेजारी ‘अपयशाने खचू नका’ असे सांगणारा एखादा लेख हमखास छापून येतो. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून गेली आठ वर्षे मी माझ्या घराच्या पडवीत गणित राहिलेल्या मुलामुलींना शिकवते आहे, आणि ‘खचू नकोस’ एवढे ऐकून सावरलेले एकही मूल मला या काळात भेटलेले नाही. म्हणून हे पत्र.

२०२५ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यातले ९४.१० टक्के नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. निकाल उत्तम लागला, असेच सगळे म्हणाले. मात्र उरलेल्या सहा टक्क्यांत नव्वद हजारांहून अधिक मुले होती, आणि शंभरातली चौऱ्याण्णव मुले ज्या परीक्षेत पास होतात तिच्यात नापास झालेल्या मुलाला आपण अगदीच एकटे पडलो असे वाटते. आमच्याकडे नापास म्हणण्याऐवजी ‘विषय राहिला’ म्हणतात. शब्द सौम्य आहे, पण मुलाचा विषय राहिला की त्याला वडिलांबरोबर कामाला लावायचे ठरते, आणि मुलीचा राहिला की तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. काही वर्षांपूर्वी गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा काढून टाकण्याचा निर्णय झाला, तो मला योग्यच वाटतो. तरी शेरा गेला म्हणून त्या मुलाला गणित येऊ लागत नाही, आणि ते येत नाही हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका मुलाचे पहिलेच वाक्य होते, “बाई, मला गणित येतच नाही.” मी त्याची समजूत घातली नाही. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते. ती त्याच्या घरच्यांना मागवायला लावली आणि ती हाती आल्यावर आम्ही दोघांनी एकेक पान वाचून काढले. वर्गसमीकरणाची रीत त्याला येत होती, परंतु अवयव पाडताना वजा चिन्ह दरवेळी सुटत होते. संभाव्यतेचे प्रश्न त्याने वाचलेलेही नव्हते. भूमितीच्या पेपरात रचनेचा प्रश्न कोरा होता, कारण कंपास आणायचाच राहून गेला होता. ‘येतच नाही’ या दोन शब्दांच्या जागी आता दुरुस्त करता येण्याजोग्या पाच-सहा गोष्टींची एक यादी त्याच्या वहीत आली, आणि तो पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून बसला.

त्यानंतर मी एकच शिस्त लावली. उत्तर बरोबर आहे का, हे मला विचारायचे नाही; स्वतः ताळा करून पाहायचा. एखाद्या संख्येच्या वर्गातून तिची सातपट वजा करून बारा मिळवले असता शून्य येते, तर ती संख्या कोणती, याचे उत्तर त्याने ३ काढले. मी काहीच बोलले नाही. त्याने ३ पुन्हा समीकरणात ठेवले, ९ मधून २१ वजा केले, १२ मिळवले, शून्य आले. मग ४ ठेवून पाहिले, तेव्हाही शून्यच आले. वर्तुळाबाहेरील बिंदूतून स्पर्शिका काढली, तेव्हा त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यामध्ये गुण्या लावून कोन काटकोनच असल्याची त्याने स्वतः खात्री करून घेतली. मी ‘शाबास’ म्हटले असते तर बाई आपले मन राखत आहेत, अशी शंका त्याला नक्की आली असती. शून्यावर आणि काटकोनावर तशी शंका घेता येत नाही.

अमेरिकेत संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली होती. हे काम मला जमेल हा विश्वास सर्वांत अधिक बळावतो तो ते काम प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवाने; आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमताना पाहिल्यानेही तो वाढतो; दुसऱ्याने दिलेल्या धीराचा परिणाम मात्र त्या मानाने दुबळा असतो, आणि पुढच्याच प्रयत्नात अपयश आले तर तो टिकत नाही. शाळाशाळांतून प्रेरणादायी व्याख्याने ठेवणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. सभागृहात टाळ्या वाजवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच न सुटणाऱ्या उदाहरणासमोर एकटाच बसलेला असतो.

मुख्य अडचण वेळेची आहे. पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे आणि वर्ष वाया जाई. २०१५ पासून ती निकालानंतर लगेच घेतली जाऊ लागली, ही मोठीच सोय झाली. परंतु २०२५ मध्ये निकाल १३ मे रोजी लागला आणि फेरपरीक्षा जूनच्या अखेरीस सुरू झाली. मधले पाच-सहा आठवडे बहुतेक सुट्टीत गेले. शाळा बंद, शिक्षक गावी, शिकवणीवाले नव्या तुकड्यांच्या प्रवेशात गुंतलेले. आपली वही घेऊन नेमके जायचे कोणाकडे, हे या मुलांना कोणीच सांगत नाही.

माझी शिक्षण विभागाला आणि मंडळाला विनंती आहे की, फेरपरीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला राहिलेल्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची प्रत अर्ज न करता आणि शुल्क न घेता निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यातच मिळावी; आणि प्रत्येक केंद्रावरची किमान एक शाळा या मुलांसाठी सुट्टीत रोज दोन तास उघडी राहावी, तिथे काम करणाऱ्या शिक्षकांना त्याचे रीतसर मानधन मिळावे. गेल्या वर्षी विषय काढलेली दोन-तीन मुले त्या वर्गात येऊन बसली तर फारच चांगले. माझ्या पडवीत तो मुलगा आता आयटीआयला जाता-येता थांबतो आणि नव्या मुलांची ताळ्याची वही तपासतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका, बार्शी (जि. सोलापूर)