ओटी सिंगल दराने, मग माणसं टिकतील कशी?

महोदय,

हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत ‘माणसं टिकत नाहीत’ ही कारखानदारांची नेहमीची तक्रार. त्यावर हजेरी बोनस देतात, दिवाळीला मिठाईचा डबा देतात. ओटीचा (ओव्हरटाइमचा, म्हणजे पाळीनंतरच्या जादा तासांचा) हिशोब मात्र कुणी उघडून पाहत नाही.

समजा, ऑपरेटरची आठ तासांची रोजी ५२० रुपये, म्हणजे तासाला ६५. वेतन संहिता, २०१९ (२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू) सांगते की जादा तासाला किमान दुप्पट दर हवा, म्हणजे १३०. चार तास जास्त थांबला तर ५२० व्हायला हवेत. कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराने ‘सिंगल’, म्हणजे साधाच दर लावला की हातात २६० पडतात. महिन्यात अशा दहा पाळ्या झाल्या की २,६०० रुपये बुडाले. कामगाराला हे नेमकं कळतं, तो खिशातल्या वहीत तास मांडून ठेवतो. पगाराच्या स्लिपवर मात्र ओटीचा रकानाच नसतो, सगळं ‘इतर भत्ता’त. मग भोंगा वाजला की तो मशीन सोडतो, पुढच्या पाळीला सेटिंग समजावून सांगत नाही आणि सकाळचा पहिला लॉट रिजेक्ट होतो. समोरच्या शेडमध्ये रोजी वीस रुपये जास्त मिळाली की गेलाच.

दुसरं दुखणं जुन्या कामगारांचं. किमान वेतनातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्याने सर्वांत खालची रोजी वाढते, वरच्या तिथेच राहतात. पाच वर्षांचा जुना आणि काल आलेला एकाच रोजीवर आले की जुना माणूस नव्याला शिकवणं सोडतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं? भत्ता वाढेल तेवढे रुपये प्रत्येक श्रेणीत वाढवावेत.

स्लिप मराठीत द्यावी. हजेरीचे दिवस, ओटीचे तास, दर, पीएफ, ईएसआय सगळं वेगवेगळं दिसावं. पगार सात तारखेच्या आत द्यायचाच आहे, तर त्याआधी तीन दिवस हजेरीपट बोर्डावर लावावा, म्हणजे चूक बँकेत रक्कम जाण्याआधीच निघेल. काम सोडणाऱ्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करण्याची तरतूद आहे. तो दोन-दोन महिने लटकतो तेव्हा मागे राहिलेलेही दुसरीकडे चौकशी सुरू करतात.

कामगार विभागाने तपासणीत ठेकेदाराचं ओटी रजिस्टर गेटवरच्या पंचिंगशी ताडून पाहावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, हिंगणा मार्ग, नागपूर