सामुदायिक निधीच्या अनुदान अधिकारी ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

आपल्या शहराच्या सामुदायिक निधीने आमच्या रुग्णसाहित्य केंद्राला तीन वर्षांसाठी मंजूर केलेल्या अनुदानाचा अखेरचा हप्ता नुकताच जमा झाला. पावती आणि विनियोग प्रमाणपत्र रीतसर पाठवले आहेच. परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही आपले सर्वाधिक ऋणी आहोत, तिच्यासाठी त्या नमुन्यात रकाना नाही, म्हणून हे अनावृत पत्र लिहीत आहोत. निधीत आपली रक्कम घालणाऱ्या देणगीदारांनी आणि शहरातल्या इतर लहान संस्थांनीही ते वाचावे, अशी मनापासून इच्छा आहे.

शस्त्रक्रियेनंतर, अपघातानंतर किंवा वार्धक्यात ज्यांना काही काळ चाकांची खुर्ची, वॉकर, वरखाली होणारी खाट किंवा एअरबेड लागतो, त्यांना आम्ही ते साहित्य विनामूल्य वापरायला देतो आणि गरज संपली की परत घेतो. अशा केंद्राला नव्या खुर्च्या देणारे दाते भेटतात. खुर्ची डोळ्यांना दिसते, तिच्यावर आईवडिलांच्या स्मरणार्थ नाव घालता येते, आणि त्या भावनेबद्दल आम्हाला आदरच आहे. मात्र घरोघर फिरणाऱ्या खुर्चीचे ब्रेक सैल होतात, पुढच्या लहान चाकांच्या बेअरिंगमध्ये केस आणि धागे गुंततात, बैठकीचे कापड फाटते, आणि प्रत्येक रुग्णानंतर ती जंतुनाशकाने धुऊन वाळवावी लागते. या कामाला जाणता कारागीर लागतो, जागा लागते, सुटे भाग लागतात, आणि त्यासाठी देणगी द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही.

आपण पाहणीला आलात, तेव्हा दर्शनी भागात मांडलेल्या खुर्च्यांपाशी फारशा न थांबता थेट मागच्या खोलीत गेलात. तिथल्या एका खुर्चीचे पुढचे चाक आपण हाताने फिरवून पाहिलेत, ते अर्ध्यातच अडले, आणि आपण देवघेवीची नोंदवही मागितलीत. किती रुग्णांना ‘सध्या शिल्लक नाही’ असे सांगून परत पाठवावे लागले आणि त्याच काळात किती खुर्च्या केवळ दुरुस्तीअभावी पडून होत्या, हे दोन आकडे आपण महिन्यावार शेजारी शेजारी लिहून आमच्यापुढे ठेवलेत. आमच्या प्रस्तावात नव्या खुर्च्यांची मागणी होती. त्याऐवजी कारागिराचे वेतन, गोदामाचे भाडे, सुटे भाग आणि अर्धवेळ हिशेबनिसाचे मानधन मागा, असे आपण सुचवलेत. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीकडून असे काही आम्ही प्रथमच ऐकत होतो; बहुतेक ठिकाणी या खर्चाला ‘प्रशासकीय’ म्हणून कात्री लागते. आज त्या मागच्या खोलीत कामाचे टेबल आहे, त्यावर टायर-ट्यूब आणि बेअरिंगचे डबे ओळीने लावलेले आहेत, आणि परत आलेली खुर्ची धुऊन, तपासून पुन्हा बाहेर पडते.

हे आपल्या जाणतेपणामुळे झाले, तसेच सामुदायिक निधीच्या घडणीमुळेही झाले, आणि ही दुसरी बाजू देणगीदारांना कळावी असे फार वाटते. अमेरिकेतील सेंट लुइस शहराचे महापौर राहिलेले ब्रायन मुलानफी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वसाहतीला निघालेले जे गरीब प्रवासी त्या शहरात येतील, त्यांच्या मदतीसाठी त्यांनी मृत्युपत्राने आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा ठेवला होता. पुढे रेल्वे आली, बैलगाड्यांचे तांडे थांबले, आणि पैसा असूनही घेणारा उरला नाही. दात्याचा हेतू थोर असूनही काळाने तो निरुपयोगी ठरावा, या अडचणीवर क्लीव्हलंडमधील बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी १९१४ मध्ये तोड काढली. अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवायच्या आणि शहराची आजची गरज पाहून नागरिकांच्या समितीने त्यांचे वाटप ठरवायचे, या विचाराने त्यांनी क्लीव्हलंड फाउंडेशन स्थापन केले. शिकागो आणि बोस्टनने पुढच्याच वर्षी तो मार्ग धरला. कॅनडातील विनिपेगमध्ये विल्यम ॲलोवे यांनी १९२१ मध्ये एक लाख डॉलर देऊन असाच निधी उभारला, आणि त्यानंतर १९२४ मध्ये त्यात दुसरी देणगी आली ती एका पाकिटातून, नाव न सांगता दिलेल्या पाच डॉलरच्या तीन सोन्याच्या नाण्यांची. ज्याला स्वतःचा न्यास काढणे, त्याची नोंदणी आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण सांभाळणे कधीच परवडणार नाही, त्याचीही रक्कम लाखभर डॉलरच्या शेजारी त्याच मुद्दलात बसते.

मुद्दल गुंतवून ठेवायचे आणि दरवर्षी त्याच्या साधारण ४ ते ५ टक्क्यांच्या आसपासच रक्कम वाटायची, ही पद्धत बाहेरून पाहणाऱ्याला कंजूषपणाची वाटू शकते. आम्हाला मात्र तिच्यामुळेच तीन वर्षांचा शब्द मिळाला, आणि त्या शब्दावर आम्ही कारागिराला कायम नेमू शकलो. शिवाय ज्या देणगीदारांनी ‘अमुकच कामासाठी’ अशी अट न घालता रक्कम निधीच्या हवाली केली, त्यांच्याच पैशातून बेअरिंग आणि भाडे यांचा खर्च भागला. आपल्या दानाचे काय झाले, याचे छायाचित्र त्यांना कधी मिळणार नाही. त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे खरोखरच सुचत नाही.

आपण रुग्णालयांतील समाजसेवा विभागांशी आमची गाठ घालून दिलीत, तसेच शहराच्या दुसऱ्या टोकाला हेच काम करणाऱ्या संस्थेशीही. साऱ्या शहरातून प्रस्ताव ज्या टेबलावर येतात, तिथूनच अशी जोड दिसू शकते. आता आमच्याकडे नसलेली खाट त्यांच्याकडून आणि त्यांच्या नादुरुस्त खुर्च्या आमच्या कारागिराकडे, असा व्यवहार सुरळीत चालू आहे. एक विनंती मात्र आवर्जून करतो. नामंजूर प्रस्तावांनाही कारणांसह पत्र पाठवण्याची आपली रीत कृपया चालू ठेवावी. लहान संस्थेला त्या कारणांवरून पुढची वाट ठरवता येते.

येत्या वर्षापासून कारागिराचे वेतन आम्ही सभासदांच्या वर्गणीतून उभे करणार आहोत. नोंदवहीचा सुधारित नमुना आणि सुट्या भागांची यादी सोबत जोडली आहे. असेच केंद्र चालवणाऱ्या ज्या संस्था आपल्याकडे येतील, त्यांना ती अवश्य द्यावी आणि दुरुस्ती पाहण्यासाठी आमच्याकडे पाठवावे.

आपले कृतज्ञ,
रुग्णसाहित्य केंद्राचे सर्व विश्वस्त व कार्यकर्ते