उलटलेल्या गाईआधी वळू तपासा

संपादक महोदय,

आमच्या सांगोला-आटपाडी पट्ट्यात गाय दोनतीनदा उलटली, म्हणजे वळू दाखवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की तिला वांझ म्हणायला सुरुवात होते. तिच्या पुढ्यातली वैरण कमी होते आणि मग बाजाराचा दिवस ठरतो. जिच्यासाठी फी मोजली त्या वळूबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी खिलार गाई सांभाळते. पैदाशीच्या प्रत्येक वळूची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी आणि तिचा कागद गाय घेऊन येणाऱ्याला दाखवला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून नावाजलेल्या वळूंच्या दारात टेम्पोंची रांग लागते. लोक शिंगे, कातडी, खूर, भोवरे निरखून पाहतात, कुठल्या मैदानात नंबर काढला ते विचारतात. गेल्या हंगामात याच्याकडून किती गाई गाभण राहिल्या, असे विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

आमची एक काजळी गाय अशाच एका नावाजलेल्या वळूकडे नेत होतो. माज वेळेवर, सोट (माजावर गाईच्या अंगावरून जाणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, तरी २१ दिवस झाले की पुन्हा हंबरणे सुरू. घरात तिला विकायचे ठरतच आले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात घालून तपासले, गर्भपिशवीत काही दोष नाही म्हणाले आणि वळू बदलायला सांगितले. शेजारच्या गावातल्या, कुठल्याही मैदानात न उतरलेल्या वळूपासून ती फळली. आज तिच्याजवळ कालवड आहे. त्याच हंगामात पहिल्या वळूकडे नेलेल्या आणखी काही गाई उलटल्याचे मला नंतर बायकांच्या बोलण्यातून कळले. पुरुषमाणसे हे चारचौघांत बोलत नाहीत.

वळूचे वीर्य तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हाचा किंवा एखाद्या तापाचा फटका पाऊस सुरू झाल्यावर दिसतो, आणि तोवर वळू बाहेरून धडधाकट झालेला असतो. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत आमच्याकडे अंगावरच्या गाठी जिरल्या की वळू लगेच गाईंवर सोडले जात होते. शिवाय जननेंद्रियांचे काही संसर्ग असे आहेत की वळू ते एका गाईकडून दुसरीकडे नेतो, त्याला स्वतःला काहीच होत नाही. गाय मात्र उलटत राहते, नाहीतर कोवळा गर्भ टाकते.

ब्रुसेलोसिसची, म्हणजे गाईंना गाभडायला लावणाऱ्या संसर्गजन्य रोगाची, मला जास्त धास्ती वाटते. त्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, वळूंना देत नाहीत. म्हणजे वळूचे रक्त तपासणे एवढाच मार्ग उरतो. गाय गाभडली (गर्भ टाकला) की पडलेली वार उचलायला घरातली बाईच पुढे होते, तेही उघड्या हातांनी. हा रोग माणसाला लागतो. ताप आणि सांधेदुखी महिनोन् महिने सुटत नाही.

दोष नेहमी वळूचाच असतो असे मी म्हणत नाही. नुसत्या कडब्यावर ठेवलेली, खनिज मिश्रण न मिळालेली गाय माजावरच येत नाही, आणि बाहेरून लक्षणे न दिसणारा मुका माज आपल्या नजरेतून सुटतो. पण गाईला निदान दवाखाना तरी दाखवतात. एक गाय बिघडली तर एक वासरू जाते; वळू बिघडला तर पंचक्रोशीतला हंगाम जातो.

कृत्रिम रेतनासाठी ठेवलेल्या वळूंची रक्ततपासणी नियमाने होते. मग गावोगावच्या वळूंनाच सूट का? अंडकोशाचे माप, सूक्ष्मदर्शकाखाली वीर्य, पाय, डोळे आणि रक्त इतके तपासायचे आहे. मालकानेही वही ठेवावी: कुठल्या तारखेला कुणाची गाय आली आणि तीन महिन्यांनी गाभण निघाली का.

पशुसंवर्धन विभागाने ही सुरुवात आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या पौषी यात्रेत करावी, कारण पट्ट्यातले नामी वळू तिथे आपण होऊन येतात. तपासणीत खऱ्या उतरलेल्या वळूच्या मालकाला कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक घातलेला दाखला द्यावा. असा दाखला असलेल्या वळूची फी जास्त असली तरी मी देईन, आणि माझ्या ओळखीच्या गाईवाल्या बायकाही देतील.

— एक खिलार गोपालक महिला, ता. सांगोला, जि. सोलापूर