सातबाऱ्यावरचा शेरा वाचणाऱ्याला कळू द्या : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : सातबारा उतारा व सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) यांवरील शब्दांचा कायदेशीर परिणाम त्याच कागदावर छापण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला तेव्हा आपल्या विभागाने काही कामं फार चांगली केली. पूर्वी मयत खातेदाराच्या किंवा फिटलेल्या बोजाच्या नोंदीला नुसता कंस व्हायचा. तो कंस म्हणजे ‘ही नोंद आता नाही’ हे तलाठ्याला माहीत असे, खरेदीदाराला नसे. आता त्या नोंदीवर आडवी रेघ असते, ती कोणालाही कळते. प्रलंबित फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) आणि शेवटचा फेरफारही उताऱ्यावर दिसतो. त्याच दिशेने पुढचं पाऊल टाकावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. कागद हातात आला, पण त्यावरच्या शब्दांनी काय बांधलं जातं आणि काय नाही, हे अजून तिऱ्हाइताला विचारावं लागतं. तो तिऱ्हाईत बहुधा त्याच व्यवहारातला दलाल असतो.

गाव नमुना सातमधला ‘इतर हक्क’ हा रकाना घ्या. नाव ऐकून वाटतं, इथे कोणाचे तरी जादाचे हक्क लिहिले असतील. प्रत्यक्षात जमिनीवरची बंधनं, बोजे, कुळं, वाट-पाण्याचे हक्क आणि शासनाच्या अटी हे सगळं याच रकान्यात एकाखाली एक, एकाच ठशात येतं. त्यातली एक ओळ शंभर-दोनशे रुपयांत निकालात निघते, तर दुसरीकडे दुर्लक्ष केलं तर जमीन सरकारजमा होऊ शकते. वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

‘कुळ कायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’ ही ओळ पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात आणि खानदेशात हजारदा भेटते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याखाली कुळाने विकत घेतलेल्या जमिनीवर हे बंधन आहे. विदर्भासाठी १९५८ चा आणि मराठवाड्यासाठी १९५० चा, असे वेगळे कायदे आहेत. एके काळी अशी जमीन विकायला परवानगी लागायचीच. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम ३२-म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं उलटली असतील, तर आकाराच्या (जमिनीवरच्या शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून शेतकऱ्याला विक्री करता येते. उताऱ्यावर आकार चार रुपये पन्नास पैसे असेल, तर हा नजराणा होतो १८० रुपये. खरेदी घेणारा शेतकरी असला पाहिजे आणि त्याची एकूण जमीन कमाल धारणेच्या आत राहिली पाहिजे, या अटी आहेतच. पण हे कागदावर कुठेच नाही. मग ‘कलम ४३ आहे, भानगडीची जमीन आहे’ एवढं वाक्य टाकून भाव पाडता येतो, आणि म्हाताऱ्या खातेदाराला ते खोडून काढता येत नाही.

आता त्याच उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर गोष्ट एकदम जड होते. ती जमीन शासनाने अटी घालून दिलेली असते. सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकली तर शर्तभंग होतो आणि शासन ती परत घेऊ शकतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चा शेरा असेल तर जमीन आदिवासी खातेदाराची असते. ती बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती देण्याआधी राज्य शासनाची मान्यता लागते. यातलं काहीही १८० रुपयांत सुटत नाही.

त्यात शब्दांचा गोंधळ आहे. वर्ग २ साठीच कुठे ‘नवीन शर्त’, कुठे ‘न.अ.श.’, कुठे ‘नियंत्रित सत्ताप्रकार’ असं लिहिलेलं सापडतं. न.अ.श. म्हणजे नवीन अविभाज्य शर्त, हे नव्या पिढीतल्या किती खातेदारांना ओळखता येईल? हस्तलिखितावरून संगणकावर उतरवताना ही लघुरूपं जशीच्या तशी आली.

तसाच ‘इकरार’. हा शब्द ‘करार’सारखा दिसतो म्हणून पुष्कळ जण समजतात की आधी कोणाशी तरी सौदा झाला होता आणि तो बारगळला. इकरार म्हणजे विकास सोसायटीकडून कर्ज घेताना सभासदाने जमिनीवर बोजा मान्य करून लिहून दिलेलं पत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ४८ त्याच्या मागे आहे. कर्ज व्याजासह फिटेपर्यंत ती जमीन विकण्याला त्या कलमाची आडकाठी आहे, आणि ती डावलून केलेला व्यवहार रद्दबातल ठरतो. ‘बोजा किरकोळ आहे, नंतर भरू’ म्हणून खरेदीखत उरकणारे इथे अडकतात. दुसरीकडे कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण सोसायटीचा बेबाकी (काही येणं नसल्याचा) दाखला तलाठ्याकडे दिलेलाच नसतो, म्हणून ओळ तशीच राहते. कर्ज फेडलं की बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी दाखला देऊन फेरफार धरावा लागतो, हे त्या ओळीखालीच छापलेलं असलं तर असे कितीतरी उतारे साफ होतील.

खातेदाराच्या नावापुढची लघुरूपंही अशीच आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान, म्हणजेच अल्पवयीन, खातेदाराचा पालनकर्ता. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. उताऱ्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसतं, पुढे ही तीन अक्षरं असतात, आणि मागे भाऊ-बहिणींचे हिस्से उभे असतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगीही जन्मतः हिस्सेदार आहे. त्या तीन अक्षरांकडे कानाडोळा करून एकाच सहीवर खरेदी घेतली की पुढचा मुक्काम दिवाणी न्यायालयात. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत मयतांच्या जागी वारसांची नावं लागली, हे मोठं काम झालं. ए.कु.मॅ.च्या नोंदींनाही तेवढीच निकड आहे.

याच्याही मुळाशी एक समजूत आहे, ती म्हणजे सातबारा म्हणजे मालकी. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली (यात सातबारा येतो) नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. विरुद्ध सिद्ध करता येतं, हे त्याच वाक्यात आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी सांगितलं आहे. मालकी येते खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटप, वारसा किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांतून, आणि सातबारा तिची नोंद घेतो. पाया कच्चा असेल तर मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली नोंदही टिकत नाही.

हाच घोळ नोंदणी कार्यालयाच्या कागदावर जास्त महाग पडतो. साठेखताबद्दल आम्ही थोडं विस्ताराने लिहितो, कारण आयुष्याची पुंजी तिथे अडकते. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५४ स्पष्ट सांगतं की अशा कराराने मिळकतीत हक्क किंवा भार निर्माण होत नाही. पण महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या साठेखतावर खरेदीखताइतकंच पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. माणूस लाखो रुपये मुद्रांक भरतो, दुय्यम निबंधकापुढे फोटो आणि अंगठा देतो, सूची क्रमांक २ घेऊन बाहेर पडतो, आणि ‘खरेदी झाली’ म्हणून पेढे वाटतो. खरेदीखत राहून जातं. ते घेताना आधी भरलेलं मुद्रांक शुल्क वळतं होतं, पुन्हा तेवढंच भरावं लागत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. खर्चाच्या भीतीने तो टाळत राहतो. दरम्यान लिहून देणारा वारतो, वारस वाढतात, भाव चढतो. करारपूर्तीचा दावा लावायचा तर मुदत तीन वर्षांची : करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून.

सूची क्रमांक २ च्या पहिल्या रकान्यात ‘विलेखाचा प्रकार’ आणि चौदाव्यात ‘शेरा’ असतो. विलेख म्हणजे दस्त, पण हा शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही. साठेखत नोंदलं गेलं की त्या चौदाव्या रकान्यात संगणकानेच एक वाक्य टाकावं : ‘या दस्ताने मालकी हस्तांतरित झालेली नाही, त्यासाठी खरेदीखत नोंदवणे आवश्यक आहे. भरलेले मुद्रांक शुल्क खरेदीखताच्या वेळी वळते होईल.’ कुलमुखत्यारपत्र असेल तर : ‘हे मालकीचे पत्र नाही.’ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं, तरी गुंठेवारीचे प्लॉट अजून त्यावर हात बदलतात. मुखत्यारपत्र देणारा गेला की त्याने दिलेला अधिकारही सर्वसाधारणपणे संपतो.

हक्कसोडपत्राचंही तेच. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून बहिणीची सही घेतली की काम झालं असं घराघरांत धरलं जातं. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ प्रमाणे ते नोंदवावंच लागतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

क्षेत्राचा मुद्दा छोटा वाटेल, पण रोजचा आहे. सातबारा हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतो. सौदा गुंठ्यात होतो. बोलताना आरलाच गुंठा म्हणतात. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, एक आर सुमारे १,०७६. एकरभराचा, म्हणजे चाळीस गुंठ्यांचा भाव ठरवून दस्तात ४० आर लिहिले, तर घेणाऱ्याच्या हातून सुमारे ५०४ चौरस फूट जातात. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. उताऱ्यावर आरच्या शेजारी गुंठ्यातला आकडा छापायला संगणकाला काहीच वेळ लागणार नाही.

म्हणून विनंती अशी. इतर हक्कातल्या शेऱ्यांची एक प्रमाण यादी करून जुनी लघुरूपं पूर्ण शब्दांत आणावीत. बदल करण्याआधी मूळ हस्तलिखित उतारा व संबंधित फेरफार तलाठ्याने ताडून पाहावा, कारण इथे घाईने चुकीचा शेरा बसला तर तो काढायला खातेदाराला प्रांताधिकाऱ्यांपर्यंत अपिलात जावं लागेल. प्रत्येक प्रमाण शेऱ्याखाली दोन ओळी असाव्यात : बंधन कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाचं, आणि विक्रीआधी कोणाची परवानगी किंवा किती रक्कम. बोजाच्या नोंदीखाली तो उतरवण्यासाठी लागणारा दाखला लिहावा. कलम १५७ चा आशय साध्या मराठीत उताऱ्याच्या तळाशी यावा. सूची दोनच्या शेऱ्याबद्दल वर लिहिलंच आहे. महसूल आणि नोंदणी व मुद्रांक ही दोन्ही खाती आपल्याकडेच असल्याने यासाठी दुसऱ्या मंत्रालयाची वाट पाहावी लागणार नाही. सुरुवात कलम ४३, वर्ग २ आणि इकरार या तीन शेऱ्यांपासून एखाद्या तालुक्यात करता येईल. शेऱ्यांचा मसुदा लिहून देण्याची आमची तयारी आहे.

आपले,
दस्तलेखन आणि महसुली कामात असलेले आम्ही काही जण