मावशींच्या पाटल्या आणि सुपर कॉरिडॉरचा प्लॉट

मा. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस,
सादर नमस्कार.

मी इंदूरला रामबागेत राहतो, गेली बावीस वर्षं एका सीए साहेबांकडे लोकांचे रिटर्न भरतो. मराठीत लिहितोय कारण हिंदीत लिहायला बसलो की हात आपोआप "सविनय निवेदन है" वर जातो आणि मग सांगायचं ते राहूनच जातं.

डिसेंबरात अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या गडबडीत एकाच दुपारी दोन फायली टेबलावर आल्या. एक मुलगा आयटी कंपनीतला, पॅकेज 40 लाख, नव्या टॅक्स रिजिमने टॅक्स साडेसात लाखांच्या वर. दुसरे एक काका, इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या नव्या मोठ्या रस्त्यावर चार वर्षांपूर्वी प्लॉट घेतला होता, त्यावर एक वीटसुद्धा ठेवली नाही, गवत वाढलं, गायी चरल्या आणि विकला तेव्हा नफा 40 लाख. साडेबारा टक्क्यांनी टॅक्स 5 लाख. (सेस, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स, दोघांनाही आहे, तो सोडा.) बरं तेही वाचवायचे असतील तर विक्रीचे सगळे पैसे एका फ्लॅटमधे टाकायचे, आयकर कायद्याचं 54एफ कलम लावायचं, टॅक्स शून्य. अट अशी की आधीची घरं एकापेक्षा जास्त नकोत. काकांच्या नावावर एकच आहे, बाकीची काकूंच्या आणि मुलाच्या नावावर, ते असो.

त्या मुलाचं मला फार वाईट वाटत नाही, 40 लाख कमावतोय. 12 लाखांपर्यंत तुम्ही टॅक्स माफ केला त्याचे आभारही मानतो, आमचे अर्धे क्लायंट खूश आहेत. पण त्याच संध्याकाळी घरी आलो तर आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी ओट्याशी कागद घेऊन उभ्या, "दादा, जरा वाचून सांगा ना काय लिहिलंय." गोल्ड लोनची पावती होती. आईकडून आलेल्या दोन पाटल्या, काट्यावर 18 ग्रॅम भरल्या, पावतीवर साडेसोळा, बाकीचं वजन म्हणे आत भरलेल्या लाखेचं. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मावशींनी ग्रुप लोन घेतलं होतं 24 टक्क्यांनी, दर आठवड्याला मीटिंग, दर आठवड्याला किस्त, ते फेडायला आता पाटल्या गेल्या. म्हणजे कर्ज फेडायला कर्ज. आणि काकांचं? त्यांचं राहत्या घरावरचं लोन साडेनऊ टक्क्यांनी चालू आहे, त्याच पैशातून पुढचा प्लॉट बघतायत. 2025 मधे रेपो रेट, म्हणजे रिझर्व बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो, साडेसहाचा सव्वापाच झाला तेव्हा त्यांचा हप्ता कमी झाला, मावशींचा एक रुपया नाही.

मला कळतं, बँकवाले रिस्क सांगतील, तारण नाही म्हणून व्याज जास्त. पण मावशींनी एकही आठवडा चुकवलेला नाही, काकांचे तीन चेक बाउन्स झालेले मी स्वतः फायलीत लावलेत. व्याज माणूस बघून ठरत नाही, त्याच्याकडे गहाण टाकायला काय आहे ते बघून ठरतं, मग ज्याच्याकडे आहे तो स्वस्त पैशाने अजून घेतो, त्याने जमिनीचे भाव चढतात आणि मावशींची भाड्याची खोली महाग होते. रिझर्व बँकेने 2022 मधे मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे मावशींनी घेतलं तसल्या छोट्या बिनतारण लोनच्या, व्याजावरची लिमिट काढली आणि किस्ती घराच्या महिन्याच्या कमाईच्या 50 टक्क्यांच्या वर नकोत असा नियम केला. अर्धी कमाई किस्तीत गेली तर घरात शिजणार काय?

आमच्या शहरात याचं मोठं उदाहरण आहेच. हुकुमचंद मिल 1992 ला बंद पडली, 4800 कामगारांचे थकलेले 224 कोटी मिळाले 25 डिसेंबर 2023 ला. माणशी सरासरी पावणेपाच लाखांच्या आत, एकतीस वर्षांनी, आणि किती जणांच्या पश्चात बायका-मुलांनी घेतले ते विचारू नका. या काळात मिलची जमीन नुसती पडून होती, तरी तिचा भाव वाढतच गेला, आता तिथे घरं आणि दुकानं व्हायचीयत. मजुरी तिथेच थांबली ना!

2022-23 चा अंदाज आहे की देशाची 40 टक्के संपत्ती वरच्या 1 टक्का लोकांकडे आहे. वेल्थ टॅक्स 2015 च्या बजेटात गेला, वारसा कर 1985 मधेच. जुना वेल्थ टॅक्स परत आणा असं मी म्हणणार नाही, मी ते फॉर्म भरलेत, त्यात डोकेदुखी जास्त आणि वसुली कमी. पण एका ठराविक रकमेच्या वरचा प्लॉट-शेअरचा नफा पगारासारखा स्लॅबमधे धरायला काय हरकत आहे, आणि 54एफ ची लिमिट 10 कोटी कशाला हवी, 10 कोटींचं घर घेणाऱ्याला सवलत? दुसरं, पीएम स्वनिधी मधे ठेलेवाल्यांना व्याजात 7 टक्के सबसिडी मिळते, खरंच चांगली स्कीम आहे, पण मावशी ठेला लावत नाहीत, चार घरी पोळ्या करतात, म्हणून त्यात बसत नाहीत. घरकामवाल्या बायकांना त्यात घ्या. एवढं तर या बजेटात होऊ शकतं.

पाटल्या सोडवायची तारीख मार्च अखेरची आहे. मी फ्रिजवर चिकटवून ठेवलीय.

आपला,
रिटर्न भरणारा एक कारकून
रामबाग, इंदूर