पार्लरच्या पहिल्या खरेदीआधी

प्रिय सखे,

तुझं पत्र परवा मिळालं. जागा ठरली, खुर्च्या आल्या, आरसे लागले आणि आता कपाटात काय ठेवायचं यावर गाडी अडली आहे, हे वाचून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. तू विचारलंस, ‘फेशियलच्या सामानाची, म्हणजे क्लिन्झर, स्क्रब, क्रीम, पॅक अशा संचाची, थोडक्या पैशांत कुठली रेंज घेऊ?’ एका कंपनीचं नाव लिहून मोकळी झाले असते, पण त्या नावाने तुझं भागणार नाही. तुझ्याकडे येणाऱ्या बायका वेगळ्या, तुझा हात वेगळा. म्हणून नावाऐवजी मी कशी निवडते तेच सविस्तर लिहिते.

पार्लर उघडलं की कंपन्यांची माणसं येतातच. माझ्याकडे आलेले गृहस्थ फार समजावून सांगत. तेलकट त्वचेची रेंज वेगळी, कोरडीची वेगळी, नाजूक त्वचेची, पिंपल्सची, वाढत्या वयाची आणि एक ‘ग्लो’ची. सहा रेंज एकदम घेतल्या तर घसघशीत सूट, वर ट्रेनिंग फुकट. मी घेतल्या. वर्ष संपलं तेव्हा दोन रेंज संपल्या होत्या आणि चार कपाटात तशाच उभ्या होत्या. त्यातल्या दोन डब्यांचं सील न फोडताच एक्सपायरी उलटून गेली. ते डबे टाकून देताना फार जीव तुटला गं. माझ्या कमाईतले दोन महिने त्या पिशवीत होते.

त्या रात्री मी सहाही मसाज क्रीमचे डबे, रिकामे झालेलेसुद्धा, शेजारी शेजारी ठेवले आणि मागचं बारीक अक्षर पहिल्यांदा नीट वाचलं. पहिले चार-पाच घटक सगळ्यांत तेच, त्याच क्रमाने. पाणी, मिनरल ऑइल, ग्लिसरीन, क्रीम घट्ट करणारे एक-दोन पदार्थ. फरक होता तो रंगात, वासात आणि यादीच्या शेपटीला लावलेल्या एखाद्या अर्कात.

ही यादी वाचायला तू आजच शीक. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. सगळ्यांत जास्त असेल ते पहिलं. हा क्रम एक टक्क्यापर्यंत पाळायचा, त्याखालचे घटक कसेही मागेपुढे लिहिले तरी चालतात. आता ती एक टक्क्याची रेघ कुठे आहे ते कसं कळायचं? फिनॉक्सीइथेनॉल नावाचा प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारा पदार्थ, बऱ्याच क्रीममध्ये असतो आणि तो साधारण एक टक्क्याच्या वर वापरत नाहीत. यादीत त्याचं नाव सापडलं की समज, त्याच्यानंतरचं सगळं चिमूटभर. डब्याच्या पुढच्या बाजूला ज्या फुलाचं किंवा सोन्याचं मोठं चित्र असतं, ते मागच्या यादीत बहुतेक वेळा या रेघेच्या खाली सापडतं. त्या चित्राचे पैसे आपण मोजतो.

माझी खरेदी तेव्हापासून एकाच प्रश्नावर चालते. ही वस्तू चेहऱ्यावर किती वेळ राहणार आहे? जी धुऊन जाते तिच्यावर मी पैसे वाचवते. जी चेहऱ्यावर घेऊन बाई घरी जाते तिच्यावर खर्च करते.

क्लिन्झर चेहऱ्यावर जेमतेम मिनिटभर राहतं. त्याने मळ, मेकअप आणि जास्तीचं तेल काढावं, पण त्वचा ताणल्यासारखी होऊ नये, एवढंच त्याचं काम. आपल्या त्वचेचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचा आकडा, साधारण ५ च्या आसपास असतो आणि साबणाचा ९ ते १०. म्हणून साबणाच्या जातीचा फेसवॉश नको. सौम्य, बिनवासाचं, मोठ्या पंपाच्या बाटलीतलं साधं क्लिन्झर घे. त्यात व्हिटॅमिन आहे म्हणून जास्त पैसे देऊ नकोस, ते व्हिटॅमिन बेसिनमध्येच जातं. पॅकचंही तसंच. केओलिनसारख्या मातीचा साधा पॅक तेल शोषून घेतो आणि चेहरा स्वच्छ दिसतो. त्यात मोत्याची भुकटी घातली म्हणून माती जास्त काम करत नाही. स्क्रबचे कण मात्र बोटांवर चोळून बघ. गोल आणि बारीक हवेत. कवचांचा चुरा असेल तर कण टोकदार असतात आणि पिंपल्सवर फिरले तर जखम करतात. टोनर, म्हणजे क्लिन्झरनंतर लावायचं पाण्यासारखं द्रव, मी पहिलं वर्षभर ठेवलंच नव्हतं आणि एकीनेही विचारलं नाही.

मसाज क्रीमबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा हिशेब तिथेच चुकतो. ५०० ग्रॅमचा डबा, एका फेशियलला ५ ग्रॅम, म्हणजे १०० चेहरे, असं कंपनीचा माणूस सांगतो. मी एक छोटा वजनकाटा आणला आणि आठवडाभर प्रत्येक फेशियलच्या आधी आणि नंतर डबा तोलला. माझ्या हातून दर चेहऱ्याला सुमारे १२ ग्रॅम जात होतं. म्हणजे १०० कुठले, ४१ चेहरे! कारण ते स्वस्त क्रीम पाच मिनिटांत कोरडं पडायचं आणि मी पुन्हा पुन्हा बोटं भरून घ्यायची. मग एक जरा महाग क्रीम आणलं. ते हाताखाली छान घसरायचं आणि वीस मिनिटं टिकायचं. त्याचे ६ ग्रॅम पुरले. डब्याची किंमत दीडपट होती, पण चेहरे दुप्पट निघाले. तेव्हा दोन डब्यांच्या किमती शेजारी ठेवून ठरवू नकोस. एका चेहऱ्याला किती पडतं ते काढ आणि वहीत लिही. कापूस, हातमोजे आणि स्पॅच्युलाला चिकटून वाया जाणारंही त्यातच धर.

मोठा डबा नेहमीच स्वस्त, हेही खरं नाही. डब्यावर उघड्या झाकणाचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात ६ एम किंवा १२ एम असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने ते वापरायचं. आता समज, महिन्याला तीनच बायका कोरड्या त्वचेचं फेशियल करतात. दर वेळी १० ग्रॅम गेले तर वर्षात ३६० ग्रॅम. ५०० ग्रॅमचा डबा १२ महिन्यांत संपणारच नाही. रोज लागणारं क्लिन्झर मोठ्यात घे, क्वचित लागणारं लहान ट्यूबमध्ये. डबा उघडला की तारीख मार्करने बुडावर लिही, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

आणि डब्यात बोटं घालायची नाहीत, तू नाही आणि तुझ्या हाताखालच्या मुलीही नाहीत. स्वच्छ स्पॅच्युलाने लागेल तेवढं वाटीत काढायचं आणि उरलेलं परत डब्यात टाकायचं नाही. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढतात, त्यासाठीच प्रिझर्वेटिव्ह असतो. म्हणून पाणी असलेल्या क्रीमवर ‘प्रिझर्वेटिव्ह नाही’ असं लिहिलेलं दिसलं तर मला भरवसा वाटण्याऐवजी काळजी वाटते, विशेषतः दिवसात दहा वेळा उघडल्या जाणाऱ्या पार्लरच्या डब्याची.

आता खर्च कुठे करायचा ते. फेशियल झाल्यावर जे लावून तू बाईला घरी पाठवतेस ते मॉइश्चरायझर, असलंच तर एक सीरम, आणि सनस्क्रीन. हे तासन् तास त्वचेवर राहणार. पण खर्च करायचा म्हणजे भारी नाव घ्यायचं असं नाही. ग्लिसरीन अतिशय स्वस्त आणि अतिशय गुणी आहे, त्वचेत पाणी धरून ठेवतं. पेट्रोलॅटमइतकं, म्हणजे साध्या व्हॅसलीनइतकं, पाणी उडून जाण्यापासून अडवणारं तर फार थोडं आहे. सीरम एकच घ्यायचं तर नायसिनामाइडचं (हे व्हिटॅमिन बी-३ चं एक रूप) घे, २ ते ५ टक्क्यांचं. तेलकटपणा, डाग, सुरकुत्या अशा बऱ्याच तक्रारींवर ते हळूहळू काम करतं आणि बहुतेकींना सोसतं. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, असं समजून दहा-वीस टक्क्यांच्या मागे जाऊ नकोस, काहींचा चेहरा लाल होतो. व्हिटॅमिन सीचं सीरम मी पार्लरसाठी घेत नाही. शुद्ध रूपातलं व्हिटॅमिन सी हवेने आणि उजेडाने पिवळं, मग तपकिरी होतं, आणि बाटली संपायच्या आधी त्याचा जीव गेलेला असतो.

सनस्क्रीनमध्ये एसपीएफच्या मोठ्या आकड्यांनी भुलू नकोस. सनबर्न करणारे किरण एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. पण हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून मोजलेले असतात, आणि आपण बहुतेक जणी त्याच्या निम्मंसुद्धा लावत नाही. म्हणून चिकट नसलेलं, हात न आखडता लावता येईल असं, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून वाचवणारं, असं लिहिलेलं घे. मी शेवटी बाईच्या हातात देऊन तिलाच लावायला सांगते, म्हणजे किती लावायचं ते तिला कळतं.

वासाबद्दल आता सांगते, आणि हे सांगताना मला अजून वाईट वाटतं. माझी एक नेहमीची गिऱ्हाईक होती, फार जीव लावणारी. एका घमघमणाऱ्या रेंजचं फेशियल केलं आणि तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा सुजून लाल झाला. क्लिन्झर, स्क्रब, क्रीम, पॅक, सगळं एकाच वासाचं लावलेलं. नक्की कशाने झालं ते मला सांगता येईना. त्वचेच्या डॉक्टरांनी तिची पॅच टेस्ट केली तेव्हा सुगंधाची ॲलर्जी निघाली. ती बरी झाली, मला दोषही दिला नाही, पण तिच्या त्या चेहऱ्याकडे बघून मी ठरवलं की माझ्या कपाटात होईल तितकं बिनवासाचंच ठेवायचं. सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीत सुगंध सगळ्यांत वरच्या कारणांपैकी एक आहे. लेबल वाचताना मेथिलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नावही लक्षात ठेव. तो प्रिझर्वेटिव्ह इतक्यांना बाधला की युरोपात २०१७ पासून चेहऱ्यावर राहणाऱ्या वस्तूंत त्याला मनाई आहे.

ॲलर्जी लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनीही उमटते. म्हणून नवीन बाईला किंवा नवीन वस्तूला कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून ४८ तास थांब. थ्रेडिंगला आली की त्याच वेळी लावून दे, म्हणजे तिला वेगळा हेलपाटा पडत नाही. आणि कुणाला काय लावलं ते बॅच नंबरासह वहीत लिही. त्या वेळी माझ्याकडे अशी वही असती तर डॉक्टरांना निदान यादी तरी देता आली असती.

पील्सचा, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा, मोह पहिल्या वर्षी टाळ. अमेरिकेतल्या घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये ग्लायकोलिक ॲसिडची मर्यादा सांगितली. घरी वापरायच्या वस्तूंत १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको. शिकलेल्या हातांनी पार्लरमध्ये थोडा वेळ लावून नीट धुवायचं असेल तर ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३ च्या खाली नको. बाटलीवर टक्के लिहिलेत आणि पीएच नाही, तर अर्धीच माहिती आहे. ती बाटली घेऊ नकोस. पिंपल्सच्या गोळ्या म्हणून आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या किंवा रेटिनॉइड (व्हिटॅमिन एच्या जातीचं) क्रीम लावणाऱ्या मुलीचं चेहऱ्याचं वॅक्सिंगसुद्धा करू नकोस, वॅक्सबरोबर कातडी निघते. हे प्रत्येकीला आधी विचारायचंच.

गोरं करणारं, आठवड्यात फरक दाखवणारं क्रीम कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी दारातूनच परत पाठव. असल्या क्रीममध्ये पारा आणि स्टिरॉइड सापडत आले आहेत. पारा मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, तर ती वस्तू तुझ्या पार्लरात नको. बाकीचा मालही अधिकृत वितरकाकडून, पक्क्या बिलानेच घे. नावाजलेल्या डब्यात नकली माल भरून विकणारे आहेत, आणि अवाजवी सूट ही त्याची पहिली खूण.

मग कपाटात काय राहिलं? एक सौम्य क्लिन्झर, एक बारीक स्क्रब, घसरणारं एक मसाज क्रीम, तेलकट त्वचेसाठी मातीचा पॅक आणि कोरडीसाठी जेलचा, दोन मॉइश्चरायझर, एक नायसिनामाइड सीरम, एक सनस्क्रीन. नऊ वस्तू. सगळं एकाच कंपनीचं असायची काहीच गरज नाही, माझं तीन कंपन्यांचं आहे. प्रत्येकीचा आधी नमुना माग आणि दोन आठवडे स्वतःच्या अर्ध्या चेहऱ्यावर वापर. नमुना द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून मी घेत नाही.

ऑर्डर देण्याआधी लेबलांचे फोटो पाठव, डब्याच्या मागच्या बाजूचे. रात्री नऊनंतर मी मोकळी असते, आपण दोघी मिळून वाचू. आणि वजनकाटा आत्ताच आण, पहिल्या फेशियलच्या आधी.

तुझीच,
जुनी मैत्रीण