काकूंच्या गुडघ्यासाठी यंत्र

प्रिय सुहास,

तुझं रेखाटन पाहिलं. कंपन करणारा पट्टा, आत हीटर, वर निळा दिवा. देखणं आहे, पण बहुतेक सगळं काढून टाक. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, त्याला गरम पाण्याची पिशवी पुरते. त्यात काकूंना मधुमेह. पायाची संवेदना कमी असली तर भाजलेलं कळायचंही नाही. गुडघा दुखतो म्हणून पाय कमी वापरला जातो, मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि सगळा भार आधीच झिजलेल्या सांध्यावर येतो. त्या स्नायूला कामाला लावेल असं काहीतरी कर.

त्यासाठी बीपीच्या काट्याच्या यंत्राचा जुना कफ, म्हणजे दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा, चालेल. टर्किश टॉवेलची आठ-दहा सेंटिमीटर जाडीची घट्ट गुंडाळी कर, तिच्याभोवती कफ गुंडाळून वेल्क्रो पक्का लाव. तो सैल राहिला तर फुगा मोकळ्या बाजूला फुगतो नि काटा नीट हलत नाही. काकूंनी पलंगावर पाय पसरून बसावं, गुंडाळी गुडघ्याखाली, हवा काट्यावर ४० मिमीपर्यंत (पाऱ्याच्या मिलिमीटरमधला दाब). गुडघा खाली दाबून सहा सेकंद धरायचा, सहा सेकंद सोडायचा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

गोम अशी की कुल्ले आवळून अख्खा पाय खाली रेटला तरी काटा चढतो आणि मांडी ढिलीच राहते. म्हणून गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर हात ठेवून बघ: स्नायू टणक लागला पाहिजे, टाच गादीवरून किंचित सुटली पाहिजे. शिवाय जोर लावताना लोक श्वास कोंडतात, बीपी चढतं. मोठ्याने एक ते सहा मोजायला लाव. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

एवढ्यावर तू थांबणार नाहीसच, तेव्हा कफच्या नळीला टी-जोड लावून एमपीएक्स ५०५० हा दाब मोजणारा सेन्सर बसव. त्याचा भाऊ ५०१० घेऊ नकोस, तो १० किलोपास्कलला, म्हणजे ७५ मिमीलाच संपतो. ५०५० एका मिमीला साधारण १२ मिलिव्होल्ट देतो, आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची मोजायची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे भरपूर झालं. सेन्सरला वीज बोर्डाच्याच ५ व्होल्टवरून दे. व्होल्टेज हललं तरी सेन्सर आणि बोर्ड दोन्हीकडे सारखंच हलतं. पॉवर बँक मात्र नको, एवढ्याशा करंटला ती आपोआप बंद पडते.

टॉवेल दबत जातो, त्यामुळे मूळ आकडा घसरतो. दर दाबाआधी शून्य नव्याने धर आणि वाढ तेवढी मोज. काकूंना आकडे दाखवू नकोस. त्यांच्याच सर्वात मोठ्या दाबाच्या साठ टक्क्यांवर हिरवा दिवा लागला की झालं. दिवा लागेना तर आधी गळती बघ: ६० पर्यंत भरून पाच मिनिटं ठेव, जोडांना साबणाचं पाणी लाव. बहुधा हवा भरायच्या रबरी बल्बचा व्हॉल्व्हच गळतो.

करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर दाब निम्म्यावर आण. गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा मध्येच अडकत असेल तर कफ बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखव.

तुझा,
विनायक

ता.क. काकूंचा बसायचा पाट माळ्यावर टाक आणि खुर्ची दे.